सातबाऱ्यापासून झोन दाखल्यापर्यंत: ठाणे-नवी मुंबईत जमिनीचा विभाग कसा तपासावा

घोडबंदर रोडच्या आतल्या गावांत किंवा पनवेलच्या बाजूला जमीन बघायला गेलं की कागदांच्या आधी मोबाईल उघडतो. उपग्रह चित्रावर पिवळा थर पसरलेला असतो. एजंट त्यावर बोट ठेवून म्हणतो, "साहेब, रेसिडेन्शिअल झोन आहे, डोळे मिटून घ्या." तो खोटं बोलत असतोच असं नाही, त्याच्या ॲपवर खरंच तसं दिसतं.

ही ॲप्स आणि संकेतस्थळं उपयोगाची आहेत. पूर्वी ज्या माहितीसाठी तलाठी कार्यालयात आणि महापालिकेत खेपा घालाव्या लागत, तिचा पहिला अंदाज आता घरी बसून येतो. मात्र तो पिवळा थर तीन वेगवेगळ्या हातांतून आलेला असतो. जमिनीची हद्द भूमी अभिलेख विभागाची, रंग नियोजन प्राधिकरणाच्या विकास योजनेचा, आणि दोन्ही एकमेकांवर बसवलेले कोणीतरी तिसऱ्याने. या तिघांचं काम वेगवेगळं तपासल्याशिवाय बयाणा देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. ते कसं तपासायचं, ते क्रमाने सांगतो.

समजायला सोपं जावं म्हणून एक काल्पनिक जमीन धरू: ठाणे तालुक्यातलं ओवळे गाव, एका सर्व्हे नंबरचा हिस्सा २/ब, सातबाऱ्यावर क्षेत्र ०.२४.३०.

पहिली पायरी: जमीन नेमकी कोणती?

महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून सातबारा काढा. नुसता बघण्यासाठीचा उतारा चालेल असं समजू नका, डिजिटल स्वाक्षरीचा घ्या. गाव, सर्व्हे किंवा गट क्रमांक आणि हिस्सा क्रमांक ही तिन्ही अंगं जशीच्या तशी टिपून ठेवा. २/ब आणि २/१/ब हे दोन वेगळे हिस्से असू शकतात, आणि ॲपच्या शोधचौकटीत तिरकी रेघ इकडची तिकडे झाली की शेजारच्याचा झोन तुमच्यासमोर येतो. नव्या उताऱ्यांवर अकरा अंकी भू-आधार क्रमांकही असतो, तोही लिहून ठेवा.

क्षेत्र वाचताना घाई नको. ०.२४.३० म्हणजे शून्य हेक्टर, २४ आर, ३० चौरस मीटर. एक आर १०० चौरस मीटरचा, म्हणून एकूण २,४३० चौरस मीटर. एक गुंठा सुमारे १०१.१७ चौरस मीटरचा, म्हणजे व्यवहाराच्या भाषेत ही साधारण २४ गुंठे जमीन झाली. ॲपवरच्या आकृतीचं क्षेत्र याच्या आसपास येत नसेल तर पुढे जाण्याआधी इथेच थांबा.

बहुतेकदा ते जुळत नाही, आणि त्याचं कारण ओळखीचं आहे. महाभूनकाशा या सरकारी नकाशा-संकेतस्थळावर सर्व्हे नंबरची बाहेरची हद्द दिसते, पण आतल्या पोटहिश्श्यांच्या रेषा प्रत्येक गावात अद्ययावत असतीलच असं नाही. भावाभावांत वाटणी झाली, फेरफार झाला, सातबारा वेगळा झाला, आणि नकाशा तसाच राहिला, असं सर्रास घडतं. मग ॲप अख्ख्या सर्व्हे नंबरचा झोन दाखवतं. त्या नंबरचा रस्त्याकडचा भाग पिवळा आणि डोंगराकडचा हिरवा, म्हणजे हरित विभागाचा, असेल, तर तुमचा हिस्सा कोणत्या बाजूला आहे हे पडद्यावरून कळणं शक्य नाही. फाळणी नकाशा (पोटहिश्श्यांच्या वाटणीचा नकाशा) आणि मोजणीची 'क' प्रत (भूमी अभिलेखकडून मिळणारा मोजणी नकाशा) यातूनच ते कळतं. विकणाऱ्याकडे मोजणी नसेल तर आधी मोजणी करून घ्या, तो खर्च टाळण्यासारखा नाही.

नगर भूमापन झालेल्या भागात, म्हणजे ठाण्याच्या जुन्या वस्तीत, सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक आणि सिटी सर्व्हे नंबर चालतो. तिथे दोन्ही क्रमांकांचा मेळ लावून घ्यावा लागतो, कारण जुन्या खरेदीखतांत बऱ्याचदा फक्त सर्व्हे नंबर असतो.

दुसरी पायरी: नकाशा कोणाचा?

ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर नियोजनाचे अधिकार इतक्या संस्थांत वाटलेले आहेत की गावाच्या नावावरून अंदाज बांधणं धोक्याचं. ठाणे शहरात महापालिका. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसी. वाशी, नेरूळ, ऐरोली, घणसोली इथे नवी मुंबई महापालिका. उलवे, द्रोणागिरीकडे सिडको. खारघर, कामोठे, कळंबोली २०१६ पासून पनवेल महापालिकेच्या हद्दीत. विमानतळाच्या प्रभावक्षेत्रातल्या, म्हणजे नैनातल्या, गावांसाठी सिडको हेच विशेष नियोजन प्राधिकरण. भिवंडी परिसरातल्या काही गावांत एमएमआरडीए. यातलं काहीच लागू नसेल तर प्रादेशिक योजना.

हद्दीही स्थिर नसतात. शिळफाट्याजवळची १४ गावं आधी नवी मुंबई महापालिकेत होती, मग बाहेर पडली, आणि नंतर पुन्हा समावेशाचा निर्णय झाला. अशा गावाबद्दल एखादं ॲप 'ग्रामीण' म्हणत असेल तर त्याने कोणत्या वर्षाची हद्द धरली आहे, हा पहिला प्रश्न.

तिसरी पायरी: नकाशा कोणत्या टप्प्यावरचा?

सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून इथे जरा थांबतो.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली विकास योजना तयार होताना आधी विद्यमान जमीन वापर नकाशा बनतो. आज जमिनीवर काय आहे, ते तो दाखवतो: घरं, शेती, कारखाने, मोकळ्या जागा. त्यानंतर प्रस्तावित जमीन वापर नकाशा येतो. पुढे जमीन कशी वापरता येईल, हे तो सांगतो आणि आपल्या कामाचा तोच. दोन्ही पीडीएफ महापालिकेच्या संकेतस्थळावर शेजारी-शेजारी असतात, रंगही सारखेच. एखाद्याने भलतीच फाईल उचलून ॲपमध्ये घातली तर चाळींनी भरलेला पण उद्यानासाठी आरक्षित भूखंड 'निवासी' दिसतो. नकाशाच्या कोपऱ्यातलं शीर्षक वाचा. ॲपमध्ये शीर्षकच नसेल, तर त्या रंगावर विसंबू नका.

प्रस्तावित नकाशालाही टप्पे असतात. कलम २६ खाली प्रारूप योजना प्रसिद्ध होते आणि नागरिकांच्या हरकती-सूचना मागवल्या जातात. सुनावण्या होतात, बदल होतात, योजना शासनाकडे जाते आणि कलम ३१ खाली मंजुरी मिळते. शासन कधीकधी एका फटक्यात सगळं मंजूर करत नाही, काही भाग बाजूला ठेवतं. त्यांना वगळलेला भाग म्हणतात, आणि त्यांची मंजुरी वेगळ्या अधिसूचनेने मागाहून येते. ठाणे महापालिकेच्या पहिल्या विकास योजनेचं तसंच झालं: मुख्य योजनेला १९९९ मध्ये मंजुरी मिळाली, वगळलेल्या भागाला २००३ मध्ये. सुधारित योजनेचं प्रारूप थेट २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसिद्ध झालं. नवी मुंबई महापालिकेने आपलं पहिलं प्रारूप ऑगस्ट २०२२ मध्ये प्रसिद्ध केलं. तोवर तिथला आधार म्हणजे १९८० पासून अमलात आलेली सिडकोची विकास योजना.

याचा अर्थ आपल्या ओवळ्याच्या हिश्श्याबद्दल किमान दोन नकाशे बघायचे: अमलात असलेली मंजूर योजना आणि सुधारित प्रारूप. 'प्रारूप आहे, अजून मंजूर कुठे झालंय' म्हणून ते सोडून देऊ नका. कलम ४६ प्रमाणे बांधकाम परवानगीचा विचार करताना प्राधिकरणाने प्रसिद्ध झालेल्या प्रारूपाचीही दखल घ्यायची असते. जुन्या नकाशात मोकळा असलेला हिस्सा नव्या प्रारूपातल्या रस्त्याखाली जात असेल, तर प्रस्ताव अडतो. उलट, प्रारूपात हिरव्याचा पिवळा झालेला दिसला म्हणून पिवळ्याचा भाव मोजणं हा निव्वळ जुगार. मंजुरीत तो रंग फिरू शकतो.

मंजुरीनंतरही कलम ३७ खाली किरकोळ फेरबदल होत राहतात आणि त्यांच्या अधिसूचना राजपत्रात निघतात. संकेतस्थळावरचा मूळ पीडीएफ बहुधा तसाच राहतो, म्हणून फेरबदलांची यादी वेगळी मागून बघा.

चौथी पायरी: रंगाखाली काय आहे?

विभाग (म्हणजेच झोन), आरक्षण आणि रस्ता या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ॲपमध्ये त्या तीन वेगळ्या थरांत असतात. अनेकदा फक्त विभागाचा थर चालू असतो. निवासी विभागात असलेल्या जमिनीवर शाळा, मैदान, दवाखाना किंवा ट्रक टर्मिनसचं आरक्षण असू शकतं. नकाशावर त्याचा क्रमांक असतो, आणि तो क्रमांक योजनेच्या अहवालातल्या आरक्षण तक्त्यात शोधला की नाव, क्षेत्र आणि संपादन करणारी संस्था कळते. रंगापेक्षा हा तक्ता जास्त बोलतो.

आरक्षण दिसलं म्हणजे जमीन मातीमोल, असंही नाही. समावेशक आरक्षणाच्या तरतुदीत ठरावीक भाग प्राधिकरणाला बांधून वा मोकळा देऊन उरलेल्या जागेवर मालकाला विकास करता येतो. टीडीआरचा, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणाऱ्या बांधकाम हक्काचा, मार्ग असतो. आणि कलम १२७ आहे: अंतिम योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीपासून २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत (रद्द) झाल्याचं मानलं जातं. विकणारा 'आरक्षण गेलंय' म्हणाला तर नोटीस कधी दिली, पोच कुठे आहे आणि राजपत्रातली अधिसूचना निघाली का, हे तीन कागद मागा.

आणखी एक थर हमखास गोंधळ करतो. मुद्रांक शुल्कासाठीच्या वार्षिक मूल्य दर तक्त्यातही गावांचे विभाग आणि उपविभाग असतात, आणि काही संकेतस्थळं ते झोनच्याच रकान्यात दाखवतात. तो आकडा किमतीसाठी आहे, जमिनीच्या वापराशी त्याचा संबंध लावू नका.

पाचवी पायरी: नकाशा जागेवर बसला आहे का?

विकास योजनेचे नकाशे कागदाच्या प्रमाणावर आखलेले असतात. १:५००० या प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाच मीटर. छापलेली जाड रेघच तेवढी रुंद असते. त्यावर गाव नकाशा साखळीने मोजलेल्या जुन्या काळाचा, कागद आकसलेला, आणि दोन्ही स्कॅन करून उपग्रह चित्रावर ताणलेले. दहा-पंधरा मीटरची चूक पडली तर नवल नाही. २४ गुंठ्यांच्या हिश्श्यात पंधरा मीटर म्हणजे रस्ता तुमच्या जमिनीतून जातो की शेजाऱ्याच्या, एवढा फरक.

ही चूक घरच्या घरी पकडता येते. नकाशावरची न हलणारी खूण शोधा: जुनं तळं, रेल्वेरूळ, नाल्याचा वळसा, गावाच्या शिवेचा तिठा. थर अर्धपारदर्शक करा आणि ती खूण उपग्रह चित्रावर कुठे पडते ते बघा. एक खूण जुळली म्हणून समाधान मानू नका. जमिनीच्या चारही बाजूंना एकेक तपासा, कारण नकाशा एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्याला सरकलेला असतो. संगणक जाणणाऱ्यांना क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत हे स्वतः करता येईल. त्यात निर्देशांक पद्धत निवडावी लागते: आपला भाग यूटीएमच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतो, ईपीएसजी क्रमांक ३२६४३. त्यात मोजणी नकाशाचे कोपरे टाकले की ॲपपेक्षा बरंच विश्वासार्ह चित्र मिळतं. तरीही रेषा हिश्श्याला चाटून जात असेल तर वाद घालत बसू नका. सीमांकन महापालिका आणि भूमी अभिलेख यांनीच करून द्यायचं असतं.

सहावी पायरी: विकास योजनेत न दिसणारी बंधनं

ठाणे आणि नवी मुंबईच्या मधोमध खाडी, एका बाजूला येऊरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला पारसिक आणि नवा विमानतळ. त्यामुळे इथे झोन चांगला असूनही बांधता न येणाऱ्या जमिनी पुष्कळ.

खाडीजवळ सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्र, बघा. २०१९ च्या अधिसूचनेनुसार खाडीकाठी भरतीरेषेपासून ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकं, यातलं जे कमी, तेवढं अंतर नियंत्रणाखाली येतं. किनारी क्षेत्र व्यवस्थापनाचे १:४००० प्रमाणातले नकाशे यासाठी वापरा. कांदळवन असेल तर जमीन खाजगी आहे म्हणून सुटका नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनुसार कांदळवनाभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यातही बांधकामाला मनाई आहे. कोलशेत, बाळकूम, मोघरपाडा, नवी मुंबईत घणसोलीपासून बेलापूरपर्यंतचा काठ, इथे हे आधी तपासा आणि झोन नंतर.

डोंगराकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा पर्यावरण संवेदनशील पट्टा २०१६ च्या अधिसूचनेने ठरलेला आहे. त्याच्याही आधी सातबाऱ्याचा 'इतर अधिकार' रकाना वाचा. तिथे 'खाजगी वन' किंवा 'कलम ३५(३)' अशी नोंद असेल तर १९७५ च्या महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियमाचा प्रश्न उभा राहतो आणि वकिलाशिवाय एक पाऊल पुढे टाकू नये. त्याच रकान्यात कुळाच्या नोंदी, आदिवासी खातेदारांच्या जमिनीवरचे हस्तांतरणाचे निर्बंध आणि भोगवटादार वर्ग २ ची (सरकारी परवानगीशिवाय जमीन न विकण्याची) अट दिसते. झोनचं कोणतंही ॲप हे दाखवत नाही.

उंचीसाठी विमानतळ प्राधिकरणाचा रंगीत उंची नकाशा असतो. त्यातले आकडे समुद्रसपाटीपासूनचे आहेत, म्हणून जमीन जितकी उंचावर, तितकी इमारत बुटकी. कोलशेतच्या हवाई दल केंद्राजवळ संरक्षण खात्याची अट वेगळी. उच्चदाब वीजवाहिन्या मात्र डोळ्यांनीच बघायच्या.

सातवी पायरी: किती बांधता येईल?

३ डिसेंबर २०२० पासून मुंबई महापालिका, एमआयडीसी, नैना असे काही अपवाद सोडून राज्यभर एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. ठाण्यात दाट वस्तीबाहेरच्या निवासी विभागात मूळ चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय), म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण, १.१ आहे. तो निव्वळ भूखंडावर मोजतात. आपल्या हिश्श्यातले ४०० चौरस मीटर रस्त्याखाली गेले तर उरले २,०३०, आणि मूळ बांधकाम क्षेत्र २,२३३ चौरस मीटर. गेलेल्या ४०० चा मोबदला टीडीआर किंवा अन्य रूपाने वेगळा.

त्यावर अधिमूल्य (प्रीमियम) भरून मिळणारा आणि टीडीआरचा निर्देशांक समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतो. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्ता असेल तर ही वाढ जवळजवळ मिळतच नाही. त्यामुळे एकाच पिवळ्या पट्ट्यातल्या दोन जमिनींची किंमत दुप्पट-तिप्पट फरकाची असू शकते. शिवाय रस्ता नकाशात आखलेला आहे की प्रत्यक्षात झालेला आहे, ते पायी जाऊन बघा. कृषी किंवा हरित विभागात शेतघर बांधायचं म्हटलं तरी किमान ०.४ हेक्टर, म्हणजे ४,००० चौरस मीटर जमीन लागते. 'दहा गुंठ्यांत फार्महाऊस' ही जाहिरात या कसोटीवर घासून बघा.

सिडकोची जमीन आणि नैना

नवी मुंबईच्या नोडमध्ये, म्हणजे सिडकोने वसवलेल्या उपनगरांत, सर्व्हे नंबरला फारसा अर्थ उरत नाही, तिथे सेक्टर आणि भूखंड क्रमांक चालतो. जमीन सिडकोची, ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली. बांधकाम परवानगी मात्र महापालिकेची. म्हणून दोन्हींकडे बघावं लागतं: भाडेपट्टा करारात लिहिलेला वापर आणि योजनेतला विभाग. करारात 'निवासी' असेल तर नकाशातल्या रंगाच्या जोरावर दुकान काढता येणार नाही, सिडकोकडून वापरबदल घ्यावा लागेल. काही सिडको भूखंडांवर महापालिकेच्या प्रारूपात आरक्षणं पडली आणि त्यावरून दोन्ही संस्थांत मतभेद झाले, तेव्हा भूखंड क्रमांक प्रारूपात जरूर शोधा. साडेबारा टक्के योजनेतल्या, म्हणजे जमीन गेलेल्या प्रकल्पग्रस्तांना परत दिलेल्या, भूखंडात वाटपपत्र, भाडेपट्टा करार आणि पुढच्या प्रत्येक विक्रीचा त्रिपक्षीय करारनामा अशी साखळी पूर्ण हवी.

नैनातली गोष्ट आणखी वेगळी. तिथे नगररचना परियोजना राबवली जाते. मूळ जमिनी एकत्र करून मालकाला साधारण ४० टक्के क्षेत्राचा अंतिम भूखंड परत मिळतो, आणि तो मूळ जागेवरच असेल असं नाही. ॲपवर जुन्या सर्व्हे नंबरला टाचणी लावून दिसणारा झोन इथे निरुपयोगी. परियोजनेच्या तक्त्यात मूळ भूखंडासमोर अंतिम भूखंडाचा क्रमांक आणि क्षेत्र शोधा आणि त्या क्रमांकाचं ठिकाण बघा. कितव्या टप्प्यावर परियोजना आहे तेही विचारा, कारण अंतिम होईपर्यंत भूखंडाची जागा बदलू शकते.

शेवटची पायरी: झोन दाखला

एवढं झालं की लेखी उत्तर मागायचं. ठाण्यात महापालिकेच्या शहर विकास विभागाकडे, इतरत्र त्या-त्या प्राधिकरणाच्या नगररचना विभागाकडे अर्ज करा. चालू सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, गाव नकाशा आणि मोजणी नकाशा जोडा. अर्जात फक्त 'झोन दाखला मिळावा' असं लिहू नका. मंजूर योजना आणि प्रसिद्ध प्रारूप या दोन्हींनुसार विभाग, आरक्षण, रस्त्याने बाधित क्षेत्र आणि वगळलेल्या भागाची वा कलम ३७ च्या फेरबदलाची स्थिती कळवावी, असं मुद्दे घालून लिहा. दाखल्यासोबत भाग नकाशा मागा, त्यावर तुमच्या हिश्श्याची हद्द दाखवलेली असली पाहिजे.

दाखला हातात आला की त्यावरची तारीख बघा. विकणाऱ्याने पाच वर्षांपूर्वीचा दाखला पुढे केला तर त्यानंतर प्रारूप किंवा फेरबदल झाला आहे का, ते तपासून नवा काढायला लावा. हा दाखला 'निवासी' म्हणत असला तरी तो बांधकामाची परवानगी नाही आणि मालकीचा पुरावाही नाही. मालकीसाठी किमान ३० वर्षांचा शोध वेगळा घ्यायचा. साठेखतात मात्र दाखल्याचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्या, आणि विभाग किंवा आरक्षण त्याहून वेगळं निघाल्यास बयाणा परत मिळेल, असं कलम वकिलाकडून घालून घ्या. विकणारा त्या कलमाला तयार नसेल तर कारण विचारा, आणि उत्तर पटेपर्यंत सही करू नका.